मेमधला फ्रॉस्ट आणि नंतरचे सहा आठवडे

मेमधल्या फ्रॉस्टनंतर, म्हणजे रात्री पारा गोठणबिंदूखाली उतरल्यावर, बागेचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं थंडी करत नाही. ते आपण पुढच्या शनिवारी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन करतो. काळी पडलेली पानं बघवत नाहीत, हात शिवशिवतात, आणि दिसेल ते कापून टाकलं की निदान काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. मी न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात राहते. माहेर निफाड तालुक्यातलं, वडील-चुलते सगळे द्राक्षबागायतदार. थंडीत पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवणाऱ्यांच्या घरातली मुलगी मी. त्यामुळे थंडीची धास्ती मला कुणी शिकवायला नको. तरीही माझं पहिलं सांगणं एवढंच की, थांबा. झाडाकडे राखीव डोळे, म्हणजे न फुटलेले अंकुर, असतात. ते फुटायला तीन ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर कुठली फांदी मेली आणि कुठली नुसती पोळली, हे लांबून कळत नाही.

पुरावा हवा असेल तर मिशिगनचा घ्या. २०१२ च्या मार्चमध्ये तिथे उन्हाळ्यासारखी उष्णता पडली, सफरचंदं जवळजवळ महिनाभर आधी फुलली आणि एप्रिलच्या थंडीनं राज्याचं सुमारे ९० टक्के पीक नेलं. झाडं मात्र जिवंत होती. २०१३ मध्ये त्याच बागांनी विक्रमी पीक दिलं.

आमच्याकडचा अलीकडचा मोठा फटका १८ मे २०२३ चा. वेलींना कोवळ्या फुटी आल्या होत्या, सफरचंदाचा मोहोर उरकत आला होता, आणि एका निरभ्र, निवांत रात्रीत न्यूयॉर्कपासून व्हरमाँटपर्यंत बागा पोळल्या. सेनेका तळ्याच्या काठावरचे मळे त्या मानानं वाचले. हे तळं १८८ मीटर खोल आहे, सहसा गोठत नाही आणि काठावरची हवा थोडी उबदार ठेवतं. तळ्यापासून लांब, खोलगट जागी असलेल्यांचं जास्त गेलं. थंड हवा जड असते, उतारावरून खाली वाहते आणि सखल भागात साचते. तुमच्या परसातही हाच हिशोब असतो. माझ्याकडे कुंपणाच्या खालच्या कोपऱ्यातलं झाड पोळतं आणि पायऱ्यांजवळचं तेच वाण हिरवंगार उभं असतं.

निफाडच्या थंडीशी याची गल्लत करू नका. तिथली थंडी डिसेंबर-जानेवारीत येते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात छापून येतो, आणि भीती असते ती द्राक्षाचे मणी तडकण्याची, त्यांची फुगवण थांबण्याची. इथे झाड नुकतंच सुप्तावस्थेतून बाहेर आलेलं असतं. जे सफरचंद जानेवारीत वजा २५ सेल्सिअस सहज काढतं, तेच पूर्ण मोहोरात असताना २८ फॅरनहाइटला, म्हणजे वजा २.२ सेल्सिअसला, अर्धा तास राहिलं तर दहातलं एक फूल गमावतं. २५ फॅरनहाइटला, म्हणजे वजा ३.९ ला, दहातली नऊ जातात. तीन अंशांचा खेळ आहे सगळा. म्हणून फोनवरच्या हवामानावर विसंबू नका, बागेत एक साधा कमाल-किमान थर्मामीटर टांगा. ‘काल रात्री थंडी होती’ असं म्हणण्यापेक्षा ‘२७ पर्यंत उतरला होता’ हे माहीत असलं की पुढचे निर्णय सोपे जातात.

पहिल्या सकाळी काय करायचं? जवळजवळ काहीच नाही. पांढरं दहिवर पडलेल्या पानांना हात लावू नका, झटकू नका, गरम पाणी तर मुळीच ओतू नका. बर्फ आधी पेशींच्या बाहेर तयार होतो आणि पेशींतलं पाणी ओढून घेतो. वितळताना फाटलेल्या पेशींतून रस झिरपतो आणि पान उकडल्यासारखं ओलं, गडद दिसतं. दुपारपर्यंत ते काळं होतं. यातली गंमत अशी की, पानांवर राहणारे काही जिवाणू, मुख्यतः स्यूडोमोनास सिरिंजी, बर्फाचे कण बनायला मदत करतात. ते नसते तर तेच पान आणखी एखाद-दोन अंश न गोठता टिकलं असतं.

कुंड्या असतील तर त्या सावलीत सरकवा. जमीन कोरडी असेल तर झाडाच्या आळ्यात पाणी द्या, कारण पोळलेल्या झाडाला पाण्याचा ताण परवडत नाही. रात्री पांघरुणं घातली असतील तर ऊन आल्यावर काढा. आणि पुढच्या दोन-तीन रात्रींचा अंदाज बघा. फ्रॉस्ट बहुधा एकटा येत नाही, आणि वरची काळी पानं दुसऱ्या रात्री खालच्या डोळ्यांवर थोडं छप्पर धरतात. ती न कापण्याचं हेही एक कारण.

तीन-चार दिवसांनी तपासणी करा. फळझाडाचं फूल किंवा कळी तोडून अंगठ्याच्या नखानं किंवा ब्लेडनं उभी चिरा. पाकळ्यांकडे लक्ष देऊ नका, त्या शाबूत दिसतात आणि फसवतात. मधोमध जो बारीक दांडा आणि त्याखालचं गोंडं असतं ते बघा. पोपटी असेल तर फूल जिवंत आहे, तपकिरी किंवा काळं असेल तर फळ धरणार नाही. एका फूलावरून निकाल लावू नका. झाडाच्या वरच्या, खालच्या, आतल्या आणि बाहेरच्या अशा वेगवेगळ्या फांद्यांवरची वीस-पंचवीस फुलं चिरा. खालच्या फांद्यांवर सगळं काळं आणि शेंड्याकडे निम्मं हिरवं, असं बऱ्याचदा दिसतं, कारण थंड हवा तळाशी बसलेली असते.

फांदीसाठी नखाची परीक्षा. साल किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. कोरडं, तपकिरी दिसलं तर तिथे मेली. मग दोन बोटं खाली सरकून पुन्हा खरवडा. हे टोकापासून बुंध्याकडे करत यायचं. हिरवं लागलं की थांबायचं आणि तिथे एक सुतळी बांधून ठेवायची. कापायचं नाही, नुसती खूण.

सफरचंद, नासपती, चेरी

मोहोर गेला तर या वर्षीची फळं गेली, पण झाडाला त्याचं फार काही नसतं. उलट फळांचा भार नसल्यानं झाड माजतं. उन्हाळ्यात सरळ वर जाणारी पाणफूट भराभर येते. म्हणून त्या वर्षी नत्राचं खत देऊ नका. फार दाटी झाली तर जुलैअखेर थोडी पाणफूट काढा. पुढच्या वसंतात मोहोर अतोनात येतो, आणि तेव्हा फळं विरळ केली नाहीत तर झाडाला एक वर्षाआड फळ धरायची सवय लागते. या वर्षी मोहोर गेल्याचं दुःख करण्यापेक्षा पुढच्या वर्षी विरळणी करायची वहीत नोंद करा.

थोडी फळं वाचली तर त्यांना सांभाळा. काहींच्या भोवती खरखरीत तपकिरी पट्टा येतो, त्याला इथे फ्रॉस्ट रिंग म्हणतात. दिसायला वाईट, खायला उत्तम. माझ्याकडे अशा फळांचा मुरांबा होतो.

सफरचंद आणि नासपतीच्या बाबतीत मात्र ‘थांबा’ला एक अपवाद आहे: फायर ब्लाइट. हा जिवाणूजन्य रोग आहे, आणि गारा, वादळ किंवा उशिरा पडलेल्या फ्रॉस्टनं पेशी फाटल्या की त्याला आत शिरायला वाट मिळते. नंतर दिवस उबदार आणि दमट गेले तर लक्ष ठेवा. फ्रॉस्टनं पोळलेलं एका रात्रीत, सगळ्या बागेत एकदम काळं होतं. ब्लाइट हळूहळू, एकेका फांदीवर दिसतो, शेंडा छत्रीच्या मुठीसारखा खाली वळतो, पानं काळी होऊन फांदीला चिकटून राहतात, कधी दुधाळ थेंब दिसतात. ही फांदी लगेच कापायची, कोरड्या दिवशी, रोगट भागाच्या २० ते ३० सेंटिमीटर खाली, आणि दर कापानंतर सिकेटर ७० टक्के अल्कोहोलनं पुसायचं. कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका.

द्राक्षवेल

इथे माझं माहेर बोलतं. वेलीच्या एका डोळ्यात प्रत्यक्षात तीन डोळे असतात. नाशिकच्या बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. छाटणीआधी तो डोळे तपासून घेतो. धारदार ब्लेडनं फुगलेला डोळा आडवा कापला आणि भिंग धरलं की मधे एक मोठा हिरवा ठिपका आणि शेजारी दोन लहान ठिपके दिसतात. मधला आधी फुटतो, घड त्याच्यावर. फ्रॉस्टनं ती फूट मेली की शेजारचा दुसरा फुटतो. कॉनकॉर्डसारख्या अमेरिकन वाणांत त्या दुसऱ्या फुटीलाही थोडेफार घड येतात. रिसलिंगसारख्या युरोपीय वाणांत घडांची फार आशा धरू नका, पण काडी मिळते, आणि पुढच्या वर्षाचं पीक काडीवरच असतं.

काळ्या पडलेल्या फुटी खुडून काढल्यानं नवी फूट लवकर येते असं बरेच जण मानतात. मला तसा फरक दिसलेला नाही. वाळून त्या आपोआप गळतात. फूट अर्धवट मेली असेल, म्हणजे शेंडा काळा आणि खालची दोन-तीन पानं हिरवी, तर त्या पानांच्या बगलेतून बगलफूट येते. तिचा पसारा होतो. जूनमध्ये बसून ती निवडावी लागते, नाहीतर आत वारा खेळत नाही आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, पाठ सोडत नाही.

हायड्रेंजा

सगळ्यात जास्त फोन मला याच्याबद्दल येतात. “ताई, निळा हायड्रेंजा गेला. सगळा कापून टाकू का?” मी विचारते, “कुठला?” आणि पलीकडे शांतता. नाव माहीत नसेल तर पान बघा. मोठी, जाड, चकचकीत पानं आणि निळ्या-गुलाबी फुलांचे गोळे असतील तर तो मॅक्रोफिला. त्याच्या कळ्या मागच्या उन्हाळ्याच्या अखेरीलाच जुन्या काडीवर तयार झालेल्या असतात. फ्रॉस्टनं काडीचं टोक पोळलं तरी खालच्या जोडडोळ्यांत जीव असतो आणि त्यांतून एखाद-दुसरं फूल येऊ शकतं. जमिनीलगत कापलात तर तीही आशा संपली. त्या वर्षी नुसती पानं बघत बसायचं. म्हणून नवे कोंब स्पष्ट दिसेपर्यंत थांबा आणि मग प्रत्येक काडी सगळ्यात वरच्या जिवंत जोडडोळ्याच्या जरा वर कापा.

निमुळती, पांढरी फुलं येणारा पॅनिक्युलाटा, ‘लाइमलाइट’ वगैरे, किंवा ‘अॅनाबेल’ असेल तर निश्चिंत राहा. ते याच वर्षीच्या नव्या काडीवर फुलतात. ‘एंडलेस समर’सारखे दोन्हीवर फुलतात, त्यामुळे उशिरा का होईना, काहीतरी मिळतंच.

बाकीची झाडं, भराभर

जपानी मेपलची नाजूक पानं कागदासारखी वाळतात आणि झाड मेल्यासारखं दिसतं. जूनमध्ये दुसरी पालवी येते, जरा बारीक आणि विरळ. खोडाला उभी चीर पडली असेल तर तिला रंग, डांबर, मेण काही फासू नका. झाड ती स्वतः कडेनं भरून काढतं.

मॅग्नोलियाची फुलं तपकिरी लगदा होतात. वाईट वाटतं, पण एवढंच. लायलॅकचंही तसंच, फक्त फुलांनंतर लगेच छाटा, नाहीतर पुढच्या वर्षीच्या कळ्या कापल्या जातील.

यू, स्प्रूस, बॉक्सवुड यांचे नवे पोपटी शेंडे मलूल होऊन तपकिरी लोंबतात. आतलं जुनं हिरवं शाबूत असतं. नवी वाढ दिसली की वरवर हलकी कातर फिरवा.

होस्टाची पानं चिखल होतात. ही मात्र काढा, नाहीतर खाली गोगलगायी जमतात. मुळातून नवी पानं येतात. पिओनीच्या कळ्या काळ्या पडून मऊ झाल्या असतील तर त्याही खुडा, कारण त्यांवर करडी बुरशी बसते, पण पानांना हात लावू नका, पुढच्या वर्षीचा साठा तीच करतात.

अंजीर जमिनीपर्यंत जळालं तरी मुळातून फुटतं. ‘शिकागो हार्डी’ नव्या फुटीवरही फळतं, पण इथला उन्हाळा लहान, फळ पिकेल याची खात्री देता येत नाही.

टोमॅटोचा शेंडा काळा पण खोड टणक असेल तर बगलेतून फूट येते. खोडच मऊ पडलं असेल तर उपटा आणि नवं रोप आणा, वेळ अजून गेलेली नाही. मिरची-वांग्यावर वेळ घालवू नका, सरळ बदला. बटाटा कंदातून पुन्हा वर येतो. कोथिंबिरीला हलक्या फ्रॉस्टचं काही वाटत नाही.

कढीपत्ता, मोगरा, तुळस

आता आपल्या लोकांचा खरा जीव जिथे अडकलेला असतो ते. मदर्स डेला ऊन छान पडतं, लेकरं घरी असतात, आणि सगळ्या कुंड्या एका दमात अंगणात येतात. मदर्स डे मेच्या दुसऱ्या रविवारी. इथले जुने शेतकरी टोमॅटोसुद्धा मेमोरियल डेआधी, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारआधी, लावत नाहीत. कढीपत्ता तर मुळात उष्ण प्रदेशातला. माझ्या कुंड्या रात्रीचं तापमान सलग ५० फॅरनहाइटच्या वर, म्हणजे १० सेल्सिअसच्या पुढे, राहिल्याशिवाय दाराबाहेर जात नाहीत.

बाहेर राहिलाच आणि पोळला, तर आधी घरात आणा, उबदार आणि उजेडाच्या खिडकीत. पानं एक-दोन दिवसांत काळी पडून गळतील. आता इथे लोक करतात ती गोष्ट म्हणजे पाणी. बिचाऱ्याला त्रास झाला म्हणून रोज तांब्याभर! पानंच नाहीत तर झाड पाणी पिणार कशानं? माती थंड, ओली, आणि मुळं कुजतात. थंडीतून वाचलेला कढीपत्ता पाण्यात मरतो. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच थोडं पाणी. मग नखाची परीक्षा. कढीपत्त्याची साल पातळ असते, नख हलकं लावा. हिरवं असेल आणि ओळखीचा वासही आला, तर तो जिवंत आहे. नवे कोंब दिसेपर्यंत कापू नका आणि ताक-खत-एप्सम सॉल्ट असले कुठलेही प्रयोग नकोत. कोंब यायला महिना-दीड महिना लागू शकतो.

मोगऱ्याची वरची काडी गेली तरी बुडातून फूट येते. ती वर आल्यावर मेलेली काडी कापा. त्याला फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटणी त्याला मानवते. तुळस गेली की गेली. तिची मंजिरी दरवर्षी कागदाच्या पुडीत ठेवून द्या म्हणजे पुन्हा पेरता येते.

खत आणि पाणी

पोळलेल्या झाडाला ताबडतोब खत देऊ नका. नत्र दिलं की कोवळी, लुसलुशीत फूट येते, आणि पुढचा फ्रॉस्ट नेमका तिच्यावर पडतो. नव्या पानांनी आकार घेतल्यावर, जमिनीला गरज असेल तरच, थोडं कंपोस्ट पुरे. जुलैच्या मध्यानंतर नत्र बंद, नाहीतर ती फूट हिवाळ्याआधी पक्व होत नाही.

पाणी मात्र नेमानं. दुसरी पालवी झाड साठवलेल्या अन्नावर काढतं, खजिना निम्मा रिकामा झालेला असतो. पाऊस धरून आठवड्याला इंचभर, म्हणजे अडीच सेंटिमीटर, पाणी मिळालं पाहिजे, आणि ते एकदाच खोलवर. खोडापासून वीतभर जागा सोडून दोन-तीन इंच लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन घाला. खोडाला टेकवून डोंगर रचू नका. साल कुजते आणि उंदीर घर करतात.

फोर्थ ऑफ जुलै उलटल्यावर पुन्हा एकदा नख लावा. ज्या फांदीला एकही फूट नाही आणि साल खाली कोरडी आहे, ती गेली. सुतळी बांधलेल्या खुणेपाशी, जिवंत डोळ्याच्या जरा वर, तिरका काप घ्या.

पुढच्या वेळेसाठी

निफाडला थंडीच्या रात्री ठिबक सुरू ठेवतात, कारण ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. परसातही हे चालतं: अंदाज आला की दुपारी जमीन चांगली भिजवा. जमिनीवरचं ताजं आच्छादन त्या रात्रीपुरतं बाजूला सारा, ते ऊब वर येऊ देत नाही. झाडावर फवारे मारून बर्फाचं कवच करायची मोठ्या बागांची पद्धत घरी करू नका. ते पाणी रात्रभर, सकाळी बर्फ वितळेपर्यंत, अखंड चालू राहावं लागतं. मधेच थांबलं तर बाष्पीभवनानं झाड जास्त थंड होतं.

घरच्यासाठी जुन्या सुती चादरी उत्तम. संध्याकाळी ऊन जायच्या आत घाला आणि कडा जमिनीपर्यंत टेकवून दगड ठेवा. चादर झाडाच्या बुंध्याला गुंडाळून वर गाठ मारली तर काही उपयोग नाही, कारण ऊब जमिनीतून येते आणि ती आत घ्यायची असते. प्लास्टिकचा कागद पानाला टेकला की तिथेच पान पोळतं, म्हणून तो वापरायचाच असेल तर काठ्या रोवून वर ताणा. आत जुन्या पद्धतीचे, तापणारे ख्रिसमसचे दिवे सोडले तर एखाद-दोन अंशांचा फरक पडतो. एलईडीचे दिवे तापत नाहीत, त्यांची नुसती रोषणाई. सकाळी नऊपर्यंत सगळं काढून वाळत घाला.